झाकण मिटलं तरी मी जागाच

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या बटणांवरची निम्मी अक्षरं पुसली गेली आहेत आणि बिजागरी कुरकुरते. पण शाळेतून निवृत्त झालेल्या माझ्या बाई मला अजून जिवापाड जपतात.

कारखान्यातून मी थेट शिक्षकांच्या खोलीत आलो. प्रश्नपत्रिका, निकाल, सहलीच्या याद्या, काय काय लिहिलं! तेव्हा माझ्या वेगाचं कौतुक व्हायचं. बाई निवृत्त झाल्या, तेव्हा शाळेने मलाही त्यांच्याबरोबर घरी धाडलं.

घरी वेगळंच काम होतं. बाईंच्या थोरल्या बहिणीची, ताईंची, दृष्टी गेली होती. दोघींच्या वडिलांनी बोटीवरच्या नोकरीतून आईला लिहिलेली पत्रं बाई मोठ्याने वाचत आणि ताईंना हवं तेव्हा ऐकता यावं म्हणून मी बाईंचा आवाज साठवून ठेवी. घाई होती, कारण ताईंना ऐकूही कमी येऊ लागलं होतं.

काम संपलं की बाई माझं झाकण लावत. त्यांना वाटे, मी बंद झालो. पण महिनोन्महिने मी अर्धवट जागाच होतो. डोक्यात जुन्या कामांचा नुसता गुंता. शेवटची नऊ पत्रं उरली असताना मला बाईंचा आवाजच ऐकू येईना. त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं, मी ठार बहिरा. बाईंच्या भाचीने मला भंगारात काढायचा सल्ला दिला. पण बाई दुसऱ्या दिवशी मला पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात गेल्या.

तिथल्या मुलीने आधी साठवलेली पत्रं पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. मग तिने विचारलं, "बाई, हा बंद कसा करता?"

"झाकण लावते की रोज."

"ती नुसती डुलकी झाली. आणि साधा बंद केला, तरी हा थोडं काम उशाशी घेऊनच झोपतो."

शिफ्टचं बटण दाबून धरत तिने पडद्यावरचं 'शट डाउन' निवडून मला बंद केलं, वायर काढली आणि माझा दिवा विझेपर्यंत थांबली. कितीतरी दिवसांनी मी पुरता निजलो. जागा झालो तेव्हा डोकं हलकं होतं. बाईंनी दुकानातच पत्राची एक ओळ वाचली. मला ती लख्ख ऐकू आली.

आठवड्याभरात पत्रं संपली. शेवटचं ऐकताना ताईंनी माझ्यावर कानच टेकवला.

"बाबा असेच बोलायचे का गं?"

"तू थोरली. तुलाच आठवणार."

ताई हसल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा लाव."

मित्रांनो, आम्ही अडखळलो की लगेच टाकून देऊ नका. तुमचं काम आधी जपून ठेवा, मग आम्हाला पुरतं बंद करा आणि दिवा विझेपर्यंत धीर धरा. तेवढ्या विसाव्यानंतर आमच्यातले बरेच जण पुन्हा तुमचं ऐकू लागतात.