संपाच्या कापडाची झोळी

मी झोळी बोलतेय. काल रात्री मंजुषाचा डोळा लागला नाही, म्हणून माझाही लागला नाही. रिद्धी, तिची लेक, केव्हाच झोपली होती, तरी मंजुषा माझी दोरी ओढतच राहिली. झोपलेल्या लेकराला कोणी इतका वेळ झोका देत नाही. मी ओळखलं, आज हिलाच कोणीतरी झोका द्यायला हवाय.

तिची काळजी मला पाठ आहे. आपण म्हातारे झालो की कोणावर भार होऊन पडायचं? लेकीवर पडायचं नसेल, तर मग कशावर? मला यातलं फार कळतं असं समजू नका, मी ऐकीव बोलते. पण या विषयाची अक्षरं माझ्या अंगावर आहेत, तेव्हा थोडा हक्क आहे.

जन्मानं मी झोळी नाही. मी वर्ध्याच्या दुकानातलं मांजरपाट. संपाच्या आधी देवळीजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांनी वर्गणी काढून मला आणलं. गुलाब सरांनी व्हरांड्यात मला पसरलं आणि लाल रंगानं लिहिलं, 'म्हातारपणाची हमी परत द्या'. सर पोरांना इतकी वर्षं समास सोडायला शिकवत आले, पण स्वतः पहिली अक्षरं एवढी मोठी काढली की 'द्या' मावलाच नाही. तो खाली कोपऱ्यात बारीक बसवावा लागला.

"मागायची लाज वाटते न मॅडम, म्हणून लहान झाला तो," सर म्हणाले.

मंजुषा हसली. ती त्याच शाळेत शिकवते. तेव्हा तिला सातवा महिना होता.

पेन्शनचं भांडण तसं सरळ होतं. मंजुषाचे सासरे नानाजी, तेही शिक्षकच. त्यांच्या वेळी सरकार म्हणायचं, तुम्ही शिकवा, म्हातारपण आमच्याकडे लागलं. पुढे सरकारला ते ओझं झेपेना. मग नंतर नोकरीला लागलेल्यांना सांगितलं, पगारातून थोडे तुम्ही टाका, थोडे आम्ही टाकतो, ते पैसे बाजारात फिरतील आणि शेवटी बाजार देईल ते तुमचं.

नानाजी गेले, पण त्यांच्या पेन्शनचा वाटा धुरपताबाईंना, म्हणजे मंजुषाच्या सासूला, अजून मिळतो. महिना लागला की त्या ठेवणीतलं लुगडं नेसून बँकेत जातात आणि येताना केळी आणतात. "राकेश, माह्या पैशानं सिलिंडर आनजो," असं लेकाला सांगतात. त्या दिवशी त्यांचा आवाज घरात जरा मोठा असतो. मंजुषाला त्या आवाजाचा हेवा वाटतो, आणि हेवा वाटतो याची लाज वाटते.

राकेश, मंजुषाचा नवरा, मोबाइलच्या दुकानात कामाला. मोर्चाच्या सकाळी मला पाहून तो म्हणाला, "तुमाले बाजार तरी देनार आहे. माह्या म्हातारपनाचा बॅनर कोनी रंगवला? अन् पैसा येनार कुठून, आमच्याच टॅक्समधून न?"

मंजुषानं माझी घडी काखेत मारली. सरांना विचारून सांगते, म्हणाली. अजून सांगायचं राहिलंय.

मोर्चात मी खूप तापले. किती जणांनी माझी टोकं धरली, घामाचे हात पुसले. संप आठवडाभरात मिटला, समिती बसली. पुढच्या वेळी लागेल म्हणून माझी घडी मंजुषाच्या पिशवीत गेली. पुढे योजनेत सुधारणा आल्या, पर्याय आले. मधल्या सुट्टीत रोज नवा हिशेब मांडला जायचा आणि घंटा झाली की अर्धवट राहायचा.

मग रिद्धी झाली. धुरपताबाई म्हणाल्या, "कोऱ्या कपड्यात लेकरू टाकू नाई. कोनाचं तरी वापरलेलं पाह्यजे, म्हंजे त्याचं आयुष्य लागते." नानाजींचं धोतर काढलं तर त्याला कसर लागलेली. शोधता शोधता पिशवीतून मी निघाले.

"हे चालते. एवढ्या लोकायच्या हातातून आलं, आता कोरं कुठं राह्यलं?"

"आई, हे संपाचं आहे. संप फसला," राकेश म्हणाला.

"मंग धुऊन टाक."

मला धुतलं, दुहेरी केलं, छताच्या कडीला बांधलं. 'हमी' हा शब्द बरोबर रिद्धीच्या पाठीखाली आला. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या त्यांच्या खोलीत मी तिला वाढताना पाठीकडून पाहिलं.

गुलाब सर पुढच्या वर्षी रिटायर झाले. त्यांना नोकरीच उशिरा लागलेली, वर्षं कमी भरली. लेकराला पाहायला आले तेव्हा आधी मलाच निरखत राहिले. "माह्या हातचं वाया नाई गेलं," म्हणाले. किती मिळतं, हे मंजुषानं विचारलं नाही. जाताना त्यांनीच सांगितलं, "बाजारानं दिलं तेवढं घेतलं. गोळ्या-औषधापुरतं निघते."

काल ते तिला देवळीच्या बसस्टँडपाशी दिसले. लहानशा स्टुलावर बसून गाडीची नंबरप्लेट रंगवत होते. तिनं नजर खाली केली, पण सरांनी हाक मारली. प्लेट उचलून दाखवली. "मॅडम, या वेळी समास सोडला बरं का."

ती हसली, बसमध्ये चढली. घरी येऊन राकेशला एवढंच सांगितलं आणि रिद्धीला माझ्यात निजवून दोरी हातात घेतली.

आज रिटायर व्हायची माझी पाळी आली. रिद्धीचे पाय आता बाहेर येतात, कडी कुरकुरते. राकेश स्टुलावर चढून मला सोडतोय. धुऊन धुऊन माझी अक्षरं गुलाबी झालीत, 'हमी' तर वाचताही येत नाही. पण गाठ सुटली तेव्हा आतला कोपरा उघडा पडला. तिथे 'द्या' तसाच लालभडक होता. गाठीत राहिल्यानं त्याला साबण लागलाच नव्हता.

माझं फडकं करू नका, असा हट्ट मी धरणार नाही. कापडाचं म्हातारपण असंच असतं, ते कोणाला जड होत नाही. फक्त फाडायच्या आधी एकदा तो कोपरा कोणीतरी वाचा. आणि गुलाब सर कोणाला भेटले, तर मी रिद्धीला कधी पडू दिलं नाही, एवढं सांगा.

राकेश खाली उतरला. मी जमिनीवर पसरले होते. मंजुषा माझ्याजवळ बसली आणि लेकीला गमतीत म्हणाली, "रिद्धे, मी म्हातारी झाली की मले झोका देशीन का याच्यात?" गंमत होती खरी, पण माझ्यावर टेकलेला तिचा हात हलेना.

रिद्धीनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे, पायांपासून डोक्यापर्यंत, नीट.

"तू नाई मावत," ती म्हणाली.