कोरड्या बुटांचा संशय

सकाळी झुरा आपाने बुटात हात घातला आणि काढून पुन्हा एकदा घालून बघितला. बूट कोरडा ठणठणीत होता.

बर्फावर घसरायला येणाऱ्या पाहुण्यांना ती उतारापाशी आपल्या टपरीतून हे बूट भाड्याने द्यायची. संध्याकाळी ते ओले परत यायचे. आपा त्यांच्या कड्या घट्ट लावून ते शेगडीपाशी ओळीने मांडायची, म्हणजे आकार बिघडत नाही. सकाळी वरून कडकडीत आणि आतून दमट, हे ठरलेलंच. मग आज हे काय?

तिने बूट नाकाशी नेला. अर्चाचा, डोंगरातल्या त्या सुगंधी झुडपाचा धूर! घरात कुणी दगावलं, कुणाला दृष्ट लागली, की अर्चाची फांदी जाळून धूर फिरवतात. माझ्या बुटांना कुणाची बाधा झाली?

संशय घ्यायला माणूस लांब शोधावा लागला नाही. शेजारी चहा विकणाऱ्या कलिपाचा या टपरीवर कधीचा डोळा होता. आणि उताराचा व्यवस्थापक शेयशेन बजावून गेला होता, "आपा, बुटांना वास मारतो अशी पुन्हा तक्रार आली, तर जागा दुसऱ्याला देईन. रविवारी स्वतः येऊन बघतो."

त्या दिवशी आपाने एका बुटाच्या कडीला, कुणी उघडली तर तुटेल असा, लोकरीचा दोरा बांधला आणि कुलूप लावलं. सकाळी दोरा जागच्या जागी, आणि बूट पुन्हा कोरडा!

ती तरातरा कलिपाकडे गेली. "काय गं, हल्ली अर्चा फार जाळतेस म्हणे?"

"मी? तुझ्या बुटांजवळून जाताना नाक दाबता दाबता माझे दोन्ही हात गुंततात. फांदी कशाने धरू?"

"जागा हवीय ना तुला?"

"हवीय तर! पण त्या वासासकट नको."

आपाचं समाधान झालं नाही. दिवस कलताना ती कुलूप लावून निघाली, तशी वाटेत थर्मास आठवला. परत येऊन दार उघडलं आणि बघते तर बूट होते, पण आतली मऊ अस्तरं गायब! मागच्या दाराबाहेर ताज्या बर्फात पावलं उमटली होती. त्या दाराची दुसरी किल्ली तिच्या घरात खुंटीला असायची.

पावलं कलिपाच्या टपरीकडे वळली नाहीत. ती सरळ आपाच्याच अंगणात शिरली. नवी सून बेगाइम कलिपाची भाची होती. म्हणजे घरातच हेर!

स्वयंपाकाच्या खोलीचं दार तिने धाडकन ढकललं.

दोरीवर अस्तरं तोंडं उघडी करून टांगली होती. चुलीची ऊब त्यांना लागत होती, ताटलीत अर्चाची फांदी धुमसत होती. बेगाइम मान खाली घालून उभी राहिली.

"मावशीने पाठवलं तुला?"

"नाही, आपा."

"मग? बोल की!"

"अस्तर बाहेर काढल्याशिवाय ओल जात नाही. तशीच राहिली की वास धरते. माहेरी भावाचे बूट मीच वाळवायची." ती आणखी खाली बघू लागली. "पण काल आलेली सून सासूला शिकवते, असं लोक म्हणाले असते."

"लोक कशाला, मीच म्हणाले असते. आणि धूर?"

"उरलेला वास जावा म्हणून."

"दोरा कसा नाही तुटला?"

"सोडून पुन्हा तसाच बांधला."

आपा चुलीपाशी बसली. एक अस्तर उलटून तिने आत नाक घातलं, बराच वेळ घालूनच ठेवलं.

रविवारी शेयशेन आला. त्यानेही बूट हुंगला आणि भुवया आक्रसल्या. "अर्चा? आपा, खरं सांगा, इथे कुणी मेलंय का?"

पलीकडून कलिपा कान टवकारून ऐकत होती.

"शुभ बोल रे!" आपा म्हणाली. "घरात नवी सून आलीय. तिने बुटांवरून धूर फिरवला. ओल बघ आत आहे का."

शेयशेनने हात घातला, चाचपला, आणखी दोन बूट पाहिले. "जागा तुमचीच," म्हणाला आणि गेला.

त्या संध्याकाळी आपाने पुढच्या दाराची किल्ली बेगाइमच्या हातात दिली. "चोरासारखी मागल्या दाराने येऊ नकोस. आणि मला दाखव, ते अस्तर फाटू न देता कसं ओढायचं."

सून पुढे गेल्यावर मात्र तिने इकडेतिकडे बघितलं आणि एका कडीला हळूच दोरा बांधला.

सकाळी तो तिथेच होता. फक्त त्याची गाठ आता छोट्याशा फुलासारखी बांधलेली होती.