पुढचं शीड

"अगं, टोक धर. नुसतं धरू नकोस, भिंतीला टेकव."

मी टेकवलं. वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या दारापासून निघालेली ती तार थेट स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत गेली होती. दाराशी हे गुडघ्यावर बसून टेप धरून होते, ओट्याशी मी होते आणि मधे आमचा अवधूत कॉम्प्युटरसमोर बसून आकडे टाकत होता. बाहेर श्रावणातली रिपरिप चालू होती. पावसाळ्यात आमची नाव खडकवासल्याच्या काठावर ताडपत्रीखाली असते, डोलकाठी आडवी असते, आणि तिच्या तारा, दोर, शिडं घरी येतात.

"बाबा, इंचात सांगा. तिकडे अमेरिकेत सगळं इंचात असतं. नाहीतर मी कन्व्हर्ट करतो."

"इंचातच सांगतो. तेवढेच तुझे कष्ट वाचतील."

अवधूत हसला. तो आयटीत लागल्यापासून बाप-लेकांचं बोलणं असंच व्हायचं, पण त्या पावसाळ्यात त्यांना एक विषय सापडला होता. फर्लर. जेवतानाही तोच.

ज्यांनी नाव पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यासारख्या लहान नावेला दोन शिडं असतात. मोठं डोलकाठीच्या मागे, ते सुकाणूवर बसणारा सांभाळतो. लहान पुढे, नावेच्या टोकापासून डोलकाठीच्या वरपर्यंत गेलेल्या तारेवर. ते एकेक कडी अडकवून चढवायचं, वारा वाढला की पुढे सरपटत जाऊन उतरवायचं. त्याला दुसरं माणूस लागतं. फर्लर म्हणजे त्या तारेच्या बुडाशी बसवायचं एक रीळ. त्याचा दोर मागे सुकाणूपर्यंत येतो. दोर ओढला की शीड चटईसारखं स्वतःभोवती गुंडाळलं जातं, सैल सोडला की उघडतं. मग दुसरं माणूस लागत नाही.

ते दुसरं माणूस मी होते.

हे पिंपरीच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. कॉलेजात असताना नेव्हल एनसीसीत शिडाची नाव शिकले आणि ते वेड राहिलं. मित्राबरोबर भागीत एक जुनी नाव घेतली. पुढे मित्राची बडोद्याला बदली झाली, तेव्हा एका रविवारी सकाळी चहा पिता पिता मला म्हणाले, "येतेस का? पुढे बसायला माणूस नाहीये." आम्ही तेव्हा शनिवार पेठेत राहत होतो. पेठेतल्या बायका खडकवासल्याला जायच्या त्या भजी आणि मक्याची कणसं खायला. मी सलवार-कमीज घालून नावेत बसते हे कळल्यावर शेजारच्या यमुनाबाईंनी सासूबाईंना विचारलं होतं, "तुमच्या सुनेला पोहता येतं का हो? नाही, आपलं विचारून ठेवलं." मला पोहता येत नव्हतं. नंतर शिकले.

आमच्या घरात नवऱ्यानं बायकोला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. सासरे सासूबाईंना "ऐकलं का" म्हणायचे. हे मला "अगं" म्हणायचे, आणि सासूबाई समोर असल्या तर नुसता घसा खाकरायचे. माझं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं होतं ते लग्नातल्या उखाण्यात. पण वाऱ्यात "अगं" ऐकू जात नाही. त्या पहिल्याच दिवशी धरणाच्या मधोमध सिंहगडाच्या बाजूनं जोराचा झोत आला, नाव एका अंगावर झुकली, आणि मागून हाक आली, "वासंती, सोड!"

मी दोर सोडला. नाव सरळ झाली.

मग वर्षानुवर्षं रविवारचा दिवस असाच गेला. वासंती, ओढ. वासंती, डावीकडे. वासंती, पुढचं उतरव. घरी परतल्यावर पुन्हा "अगं, टॉवेल कुठाय?" मला त्याचं काही वाटायचं नाही. पुढच्या रविवारपर्यंत माझं नाव खडकवासल्याला सुरक्षित आहे असं वाटायचं.

आठवडाभर मी टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये असायचे. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, नाशिक जोडा, सोलापूर जोडा. मग एसटीडीची यंत्रं आली. साहेबांनी यंत्राला हार घातला आणि आम्हा मुलींकडून पेढे वाटून घेतले. पुढे आमच्या खुर्च्या गच्चीवर गेल्या आणि आम्ही तक्रारींच्या टेबलावर. काही वर्षांनी ह्यांच्या कंपनीतले ड्रॉइंग बोर्ड गेले. ज्या रेषा काढायला ह्यांना दिवस लागायचा त्या कालची पोरं कॉम्प्युटरवर काढू लागली, आणि ह्यांना स्वेच्छेनं निवृत्त व्हायला सांगण्यात आलं. स्वेच्छा कंपनीची होती. तेव्हा कित्येक दिवस हे पेपर उघडून बसायचे आणि पान उलटायचे नाहीत. "यंत्र आलं म्हणून माणूस फालतू होतो का गं?" असं मला एकदा विचारलं होतं.

म्हणून मला वाटलं होतं, ह्यांना तरी कळेल.

"हे घ्यायलाच हवं का?" मी एका रात्री जेवताना विचारलं.

"तुझ्या गुडघ्यासाठीच चाललंय ना," अवधूत म्हणाला. "आई, त्या टोकावर तू उकिडवी बसतेस ते मला बघवत नाही."

"माझ्या गुडघ्यानं तुझ्याकडे तक्रार केली का?"

"मग काय," हे म्हणाले, "पंचाहत्तरीपर्यंत पुढे लोंबकळणार आहेस?"

"तुम्ही पंचाहत्तरीपर्यंत मागे बसणारच आहात ना? तुमच्या जागी बसवायचं काही निघालंय का तिकडे, ते पण बघ रे अवधूत."

सूनबाई, अवनी, खुदकन हसली. हे नाही हसले. "ऑटोपायलट निघालाय," अवधूत अगदी मनापासून म्हणाला. "पण तो मोठ्या बोटींना."

घ्यायचं हे ठरलेलंच होतं. कुठलं घ्यायचं ते ठरत नव्हतं. अवधूतनं ऑफिसातून छापून आणलेले कागद टेबलावर पसरले. दोन प्रकार होते. एकात पुढच्या तारेवर वरपासून खालपर्यंत अॅल्युमिनियमची नळी बसवतात आणि शीड त्या नळीच्या खाचेत सरकवतात. अख्खी नळी फिरते. वारा वाढला तर शीड अर्धं गुंडाळून अर्ध्यावर चालवता येतं. दुसरा साधा. खाली रीळ, वर फिरती कडी, आणि शिडाच्या कडेतच शिवलेली तार. त्यात शीड एक तर पूर्ण उघडं नाही तर पूर्ण बंद.

ह्यांचा जीव नळीवर. "अर्धं करता आलं पाहिजे. नाहीतर मग पडदाच लावावा."

"बाबा, इंटरनेटवर नाववाल्यांच्या फोरमवर सगळे म्हणतायत की एवढ्याशा बोटीला ते ओव्हरकिल आहे."

"फोरमवरचे आपल्या धरणावर आलेत का कधी?"

"आणि ते पाइप आणायचे कसे?" अवनी म्हणाली. "माझ्या ऑफिसातली उत्कर्षा अमेरिकेत ऑनसाइट आहे, ती येतीये, ती बॅगेतून आणेल. पण तिची बॅग केवढी, ते पाइप केवढे. आधीच तिला तिघांचे लॅपटॉप सांगितलेत."

वाद चार-पाच दिवस चालला. हे नळीचं चित्र काढून बसायचे, जुन्या सवयीनं, सुंदर, बाजूनं आणि वरून. शेवटी अवधूत वैतागला. "आईला विचारा. पुढचं तिला माहीत."

तिघं माझ्याकडे बघायला लागले. मी शेंगा सोलत होते. नळीचं सांगावं असं मनात आलं. ती आणायला वर्ष गेलं असतं, कदाचित आलीच नसती. पण मला कुणी नावेबद्दल विचारलं होतं, आणि नावेबद्दल मला खोटं बोलता येईना.

"नळीचं नको," मी म्हटलं. "पावसाळ्याआधी आपण डोलकाठी आडवी करतो तेव्हा पुढची तार गवतात लोळते, कुणाचाही पाय पडतो. तार वाकून सरळ होते. नळी वाकली की वाकली. आणि अर्धं कशाला हवंय? जोराचा वारा आला की आपण पुढचं अर्धं ठेवतो का? पूर्ण उतरवतो आणि मोठ्यावर घरी येतो."

"उतरवतो," हे म्हणाले. "म्हणजे तू उतरवतेस."

"हो. मी उतरवते."

त्यांनी आपलं नळीचं चित्र एकवार पाहिलं, घडी घातली. "बरोबर आहे," म्हणाले. "साधंच मागव."

नवरात्रात उत्कर्षा आली. कपड्यांच्या घडीत गुंडाळलेलं ते रीळ टेबलावर ठेवलं तेव्हा मला हसू आलं. तुळशीबागेत पोरींना खेळायला जातं मिळतं, तेवढं. बोटानं ढकललं तर आवाज न करता फिरत राहिलं. ह्यांनी ते पुन्हा पुन्हा फिरवलं.

शिडाच्या कडेत तार शिवायची तर आधी जुन्या कड्या काढायला हव्या होत्या. हॉलमध्ये शीड पसरून मी त्या उसवायला बसले. मेणदोऱ्याचे टाके माझेच होते, दरवर्षी पावसाळ्यात घट्ट करायचे. ब्लेडनं एकेक कापत गेले. अवनी येऊन म्हणाली, "आई, द्या, मी करते थोडं." मी दिलं नाही. मग बुधवार पेठेतल्या सुखदेव ताडपत्रीवाल्यानं जाड मशिनवर तार शिवून दिली. त्याचं काम चोख असतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी नाव पाण्यात उतरली. मी नेहमीप्रमाणे पुढे जाऊन बसले. काठापासून थोडं आत गेल्यावर ह्यांनी मागे बसल्या बसल्या दोर सोडला, दुसरा ओढला, आणि माझ्या तोंडासमोर शीड फडकन उघडलं. कुठे अडकलं नाही, कुठे सुरकुती नाही. मी कधीच इतकं छान चढवलं नसेल. ह्यांनी ते बंद केलं, उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

"जरा मधे येऊन बस," म्हणाले. "वळताना शीड तुला अडतंय."

मी मधे येऊन बसले. हात मांडीवर ठेवले. वारा बेताचा होता, हे कुजबुजल्यासारखं बोलत होते तेही ऐकू येत होतं. काठाला लागेपर्यंत त्यांनी मला एकदाही हाक मारली नाही. मारायचं काही कारणच नव्हतं.

चहाचा थर्मास आणायला मी शेडकडे गेले. परत येताना पत्र्याच्या पलीकडून बोलणं ऐकू आलं. धरणावरच्या नावांच्या क्लबातले रावसाहेब फर्लर बघायला आले होते.

"झकास आहे अनंतराव. म्हणजे आता एकटे जाणार तुम्ही?"

"एकटाच. किती वर्षं मनात होतं. एकदा तरी पहाटे उठावं, कुणाला उठवायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही, निघावं."

"आणि वहिनी?"

"तिची सुटका झाली. ती काय, माझ्यासाठी यायची."

मी चहा दिला. रावसाहेबांना साखर कमी लागते, त्यांचा वेगळा दिला.

घरी येताना गाडीत, वारज्याच्या पुलाखाली सिग्नलला ट्रॅफिक तुंबलं होतं तिथे, मी विचारलं, "मी तुमच्यासाठी यायचे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरोखरच बुचकळ्यात पडले होते. "मग कुणासाठी?"

सांगता आलं असतं. पण सांगायला लागले असते तर पार पहिल्या झोतापासून सांगावं लागलं असतं, आणि मागचा टेम्पो हॉर्न वाजवत होता. "काही नाही," मी म्हटलं. "हिरवा झालाय. चला."

त्यानंतरचे रविवार हे एकटे गेले. मला जाग आल्यावर पलंगाची ती बाजू रिकामी आणि ओट्यावर त्यांनी स्वतः करून प्यायलेल्या चहाचा कप. तो विसळून ठेवलेला असायचा. माझी झोप मोडू नये म्हणून दार ओढून घ्यायचे, तेही हळूच. दुपारी भाजलेल्या तोंडानं, खुशीत परत यायचे. इतके खुश मी त्यांना नोकरी गेल्यापासून पाहिले नव्हते. मला राग धरायलासुद्धा नीट जागा मिळत नव्हती.

फेब्रुवारीत अवधूत आणि अवनीनं ऑफिसातल्या मित्रमैत्रिणींना धरणावर बोलावलं. मी पहाटे उठून पोहे केले, डबे भरले. काठावर सतरंजी घातली. हे पाण्यावर होते. पोरं पोहे खात होती, फोटो काढत होती.

"काकू, तुम्ही नाही जात बोटीत?" साई नावाच्या एका मुलानं विचारलं.

"जायच्या पूर्वी," अवनी म्हणाली. "बाबांना कंपनी म्हणून. आता गुडघा दुखतो ना त्यांचा."

मी त्याला आणखी पोहे वाढले.

तेवढ्यात पलीकडचं पाणी काळं पडलं. वारा येतो तेव्हा आधी पाण्यावर दिसतो. क्लबाच्या दोन नावा आडव्या झाल्या, एकीवर आरडाओरडा सुरू झाला. आमची नाव मधोमध होती. ती झुकायला लागली तशी मी उभी राहिले. कधी उभी राहिले कळलं नाही. पदर कमरेला खोचला होता, डबा खाली पडला होता, आणि माझे दोन्ही हात हवेतली कडी सोडवत होते.

तिकडे शीड गुंडाळलं गेलं. एका दमात, छत्री मिटावी तसं. नाव सरळ झाली आणि मोठ्या शिडावर सावकाश काठाकडे येऊ लागली.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. "काका, सही!" हे गुडघाभर पाण्यात उतरले, चेहरा लाल, अंग कोरडं ठाक.

"एका हातानं," म्हणाले. "पाहिलंत ना? आणि निवड कुणाची, माहितीये? हिची. मी भलतंच घेणार होतो."

सगळे माझ्याकडे वळले. कौतुकानं बघत होते. "काकू, तुम्ही तर एक्सपर्ट निघालात," साई म्हणाला.

नाव वर ओढायची होती. मी पाण्यात उतरले, नेहमीप्रमाणे पुढची बाजू धरायला गेले. तिथे साई होता, त्याच्या शेजारी अवधूत, या अंगाला आणखी दोघं. धडधाकट पोरं होती. "काकू, तुम्ही राहू द्या," कुणीतरी म्हणालं. मी या बाजूनं पाहिलं, मग त्या बाजूनं. हात लावायला जागा नव्हती.

नाव माझ्या समोरून सरकत वर गेली. मी खोचलेला पदर सोडला.