सगळ्यात मोठी फाइल

गाणंबाईंच्या फोनने त्या सकाळी सरळ हात टेकले. त्यांच्या गाण्याच्या वर्गातली मुलं एका स्पर्धेत उतरणार होती, आणि स्पर्धेवाल्यांनी गाण्याची साथ पाठवली होती. नुसता वाद्यांचा आवाज, मुलांनी त्यावर गायचं. पण ती उतरवून घ्यायला गेलं की फोनचं एकच पालुपद: जागा शिल्लक नाही.

सुनेने फोन पाहिला आणि कपाळाला हात लावला. "आई, तुम्ही दर वर्गाला रेकॉर्डिंग सुरू करता आणि बंद करायला विसरता. गाणं एवढंसं, आणि पुढे नुसत्या खुर्च्या सरकतायत."

"विसरत कुठे गं? मध्येच पाणी प्यायला जाते, तेवढं राहून जातं."

"तेवढ्यानेच फोनचं पोट फुगलंय. या बघा, मोठ्या फायली वर लावून दिल्या. वरून एकेक पुसत या. पण आधी ऐका हं, नाहीतर चांगलं गाणं जायचं आणि खापर माझ्या डोक्यावर."

सून धुणं वाळत घालायला गच्चीवर गेली. बाईंनी कानात इअरफोन अडकवले आणि सगळ्यात मोठी फाइल उघडली. गेल्या आठवड्यातला वर्ग होता. गाणं झालं, दार वाजलं, त्यांच्याच चपलांचा आवाज दूर गेला. आता पुसावी म्हणून त्यांनी बोट उचललं, तर कानात चिमणीचा आवाज आला. चिमणी म्हणजे त्यांचीच नात, वर्गातली सगळ्यात चुरुचुरु बोलणारी.

"ढोल्या, आज पुन्हा वर गेलास तू."

"मग? तोच सूर बरोबर आहे."

"बरोबर आहे ते आम्हालाही कळतं, शहाण्या. पण आजीचा आवाज तिथवर पोचत नाही ना आता. तू एकटा वर गेलास की ती थांबते आणि तुलाच रागावते."

"रागावू दे. मला सवय आहे."

"इथे खाली म्हणायचं, स्पर्धेत वर. ठरलंय ना आपलं? आईपण म्हणाली, आजीला कुणी काही बोलायचं नाही."

सगळी हसली. वाईट हसू नव्हतं ते. घरातल्या लहान बाळाला सांभाळून घेताना हसतात तसलं होतं. तेच बाईंना सोसलं नाही. अंगावर कुणी गार पाणी ओतावं तशा त्या बसल्या जागी थिजल्या. आपण या पोरांना सांभाळतो असं त्या समजत होत्या, आणि इथे पोरंच त्यांना सांभाळत होती.

खोटं असेल, त्यांनी मनाला बजावलं. मुलांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. यादीत खाली जाऊन त्यांनी दोन वर्षांपूर्वीची फाइल काढली. तेच गाणं, तीच ओळ, त्यांचाच आवाज. वरचा सूर अचूक लागला होता. मग पुन्हा गेल्या आठवड्याची. सूर वर निघाला आणि शेवटच्या पायरीआधीच बसला. त्यांच्यामागून पंधरा गळे शहाण्या मुलांसारखे तिथेच बसले. एकटा ढोल्या वर पोचला, आणि लगेच त्यांचा स्वतःचा करडा आवाज आला: "कोण बेसूर म्हणतंय?"

बाईंनी फाइल थांबवली.

सून रिकामी बादली घेऊन खाली आली. "झाली का जागा?"

"तुला ठाऊक होतं."

बाईंच्या कानातले इअरफोन पाहून सुनेने बादली हळूच खाली ठेवली. "हो, आई."

"आणि पोरांना गप्प बसवलंस."

"वर्ग बंद करावा लागला तर तुम्ही काय कराल, याची भीती वाटली मला. स्पर्धेत बरोबर म्हणतीलच म्हटलं."

"नाही म्हणणार," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता वेगळाच झाला होता. "अगं, गळ्याला स्पर्धा कळत नाही. रोज जे घोटतो तेच त्यात बसतं. मी त्यांना चूक घोटून दिलीय."

त्यांनी ती मोठी फाइल पुसली, आणखी चार पुसल्या, आणि साथ फोनमध्ये आली.

संध्याकाळी वर्गात त्यांनी साथ लावली. "आज मी गाणार नाही. स्पर्धेत म्हणाल तसं म्हणा."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. गाणं छान निघालं. मग ती ओळ आली. ढोल्या आणि आणखी पाचसहा जण वर गेले, बाकीचे खालीच अडकले, आणि वाद्यांशी अशी काही खडाजंगी झाली की मुलं आपणहून थांबली. चिमणीचा चेहरा पांढराफटक पडला.

"आपलं तर ठरलं होतं..." ती पुटपुटली आणि तिने जीभ चावली.

"ऐकलंय मी," बाई म्हणाल्या. "चूक तुमची नाही. ढोल्या, पुढे ये. आजपासून तो सूर तू द्यायचा."

"मी?" ढोल्याने मागे वळून पाहिलं, दुसरा कुणी ढोल्या आहे का, अशा आविर्भावात.

"तूच. आणि मी मध्ये गाऊन खाली घसरले तर मला थांबवायचं."

"रागावणार नाही?"

बाईंनी जरा विचार केला. "रागावेन. तरी थांबव."

ढोल्याने छाती भरून श्वास घेतला आणि सूर लावला. बाई ओठ घट्ट मिटून ऐकत राहिल्या.