गोष्टीनंतरची खुर्ची

रंगाऱ्याची बायको वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी मुलांना गोष्ट वाचून दाखवायची. मुलं तिला गोष्टीमावशी म्हणायची. ती गेली आणि शनिवार बंद पडला.

"भावोजी," ग्रंथपाल बाई घरी येऊन म्हणाल्या, "खोली अशीच पडून राहिली तर वरचे लोक तिथे जुनी कपाटं भरतील. कोणी उभं राहिलं तर बरं."

"मी राहतो," तो बोलून बसला आणि मग घाबरला. भिंतीच्या भेगांत लांबी कशी भरायची ते त्याला विचारावं. मुलांशी बोलणं हे तिचं खातं. पण ती खोली गेली असती, तर घराबाहेर तिचं असं काहीच उरलं नसतं.

शनिवारी त्याने मुद्दाम हसायची गोष्ट निवडली. रडायची निवडली असती तर पहिल्याच पानावर पंचाईत. एक हत्ती बूट घ्यायला निघतो, सगळी दुकानं पालथी घालतो, शेवटी ताडपत्रीचे चार बूट शिवून घेतो आणि करकर वाजवत घरी जातो. त्याने पुस्तक मिटलं.

"झालं. पळा आता घरी."

एकही पोर हललं नाही.

"खुर्ची कुठे झाली?" पुढे बसलेली दोन वेण्यांची मुलगी म्हणाली.

"मावशीच्या घरचे असून माहीत नाही?" मागून कोणीतरी म्हणालं. खसखस पिकली.

मुलांनी कोपऱ्यातली पिवळी खुर्ची ओढत आणली. ती त्यानेच रंगवलेली, कशाला ते न विचारता. अधूनमधून ती खुर्ची रंगवायला घरी यायची तेव्हा तिच्या दोन्ही हातांवरचा रंग उडालेला असायचा. "पोरं खुर्ची खातात की काय?" तो कुरकुरायचा. बायको नुसती हसायची. शनिवारी तो तिला न्यायला यायचा, पण बाहेर फाटकापर्यंतच. पुस्तक वाचलं की तिचं काम संपलं, अशीच त्याची समजूत होती.

"खुर्चीत बसेल तो हत्ती," वेण्यावालीने समजावलं. "आम्ही विचारणार, त्याने सांगायचं. पुस्तकात नसलं तरी सांगायचं. आज तुम्ही बसा."

तो बसला.

"हत्तीकाका, बूट चावतात का?"

"मागचा डावा चावतो. नवा आहे ना."

"नाड्या कोण बांधतं?"

"सोंड कशाला दिलीय मग?"

"मागच्या पायांच्या?"

त्याने वाकून मागे पायांकडे पाहिलं. "तिथे सोंड पोचत नाही. तिथे बायको लागते."

"मग ती दुकानात का नव्हती? चित्रात तुम्ही एकटेच आहात."

"ती वारली," तो म्हणाला.

इतके दिवस हा शब्द लोकच बोलायचे, तो मान हलवायचा. स्वतःच्या तोंडून त्याने तो आज पहिल्यांदा ऐकला.

सगळ्यात लहान पोरगी पुढे सरकली. तिला हत्तीची खरीच काळजी लागली होती. "मग घरी जाऊन बूट दाखवणार कोणाला?"

त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. बोटांखाली उघडं लाकूड लागलं. रंग नेमका तिथेच उडाला होता.

"मला नाही सुचत," हत्ती म्हणाला.

"चालतं," वेण्यावाली म्हणाली. "नाही सुचलं तर पुढच्या शनिवारी सांगायचं. मावशीचा नियमच आहे."

मुलं गेल्यावर ग्रंथपाल बाई सतरंजी गुंडाळू लागल्या. "भावोजी, पुढच्या शनिवारची पाटी लावू ना?"

"लावा. उत्तर राहिलंय माझं."

"आणि खुर्ची तेवढी घरी न्या. रंग पार गेलाय."

त्याने लाकडावरून अंगठा फिरवला. "राहू द्या. पोरं तिथे धरतात."

बाहेर आल्यावर तो सवयीने फाटकापाशी थांबला, दाराकडे तोंड करून. बराच वेळ थांबला. मग त्याच्या लक्षात आलं, आज आतून येणारा तोच होता.