विचारायचं राहिलं

या, जवळ सरका माउली. एका पिवळ्या रुमालाची गोष्ट सांगतो, फार मोठी न्हाई.

रुमाल अजून मातीत पडलेला... वाऱ्यानं उडू नये म्हणून टोकाला मूठभर ज्वारी बांधलेली, बायकोनं, प्रेमलानं, कालच शिवून दिलेली — आणि पंच वामनराव त्याच्याकडे बघत उभे, वाकून उचलायचाही धीर होईना. नवीन जालन्यातलं मैदान, अमेरिकन फुटबॉलचा मुलींचा अंतिम सामना, शेवटचं मिनिट, अंबडच्या पोरी चार गुणांनी मागे. चेंडू हलायच्या आधीच समोरची एक मुलगी रेषा ओलांडून आली, म्हणून त्यांनी चुकीची खूण म्हणून रुमाल टाकला. तरी अंबडची कप्तान दैवशाला थांबली नाही, चेंडू पोटाशी धरून थेट शेवटच्या रेषेपार — टचडाउन! आणि यांनी शिट्टी फुंकून चेंडू परत मागवला, डाव जिथून सुरू झाला तिथून पाच यार्ड पुढे ठेवला. झाला दंड. वीस वर्षं कबड्डीत हेच केलं. पंच विचारत नसतो, सांगतो...

पण इथं विचारायचं असतं. प्रशिक्षणात सांगितलं होतं, वहीत लिहूनही घेतलं होतं — दंड हा ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा हक्क. कप्तानाला विचारा, घेता की सोडता? सोडला तर डाव झाला तसाच राहतो. राहिला असता. टचडाउनचे सहा गुण, अंबड दोनानं जिंकलं असतं. कीर्तनात बुवा हेच तर सांगायचे, माफी दुखावलेल्याच्या हातात असते, आणि मी पुढं बसून मान डोलवायचो, मी... वामनरावांच्या मनात आलं.

पुढचा डाव सुरू होईपर्यंतच चूक दुरुस्त होते. नंतर नाही.

आता कबूल केलं तर सारं मैदान हसेल, ‘कबड्डीवाला!’ म्हणेल, दुसऱ्या संघाची माणसं अंगावर येतील...

“सर, जल्दी करा ना! देव पाण्यात घालून बसले काय?” दुसरा पंच सुमित ओरडला.

रेषेवर अंबडचीच अर्पिता कुरकुरत होती, “अगं कप्तान, आपला टचडाउन गेला कुठं? इचार की सरला!”

“सरनं पाह्यलं ना? मंग बराबरच असंल,” दैवशाला म्हणाली, गुडघ्यावरची माती झटकून जागेवर वाकली.

हसणाऱ्या मैदानाचं भय कुठं विरलं कळलं नाही. त्याच्या जागी दुसरंच भय, या पोरीच्या भरवशाचं... तिनं भांडायला हवं होतं. ती भांडली असती तर कबूल करणं सोपं गेलं असतं — शिट्टी ओठांत होती, चेंडूवर कुणाचातरी हात टेकला होता, तो हलला की डाव सुरू...

माउली, हात जोडाल तेव्हा त्या दैवशालेची आठवण ठेवा. ती अजून रेषेवर वाकून उभी आहे, सरांवर भरवसा ठेवून.