मेहमुदाची बांगडी आणि मिलची मोटार

सोमाटणे फाट्याजवळ ताजुद्दीनचं विजेच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचं वर्कशॉप. तो मोटारीत तांब्याच्या तारेच्या नव्या कॉइली भरायचा आणि त्यांवर टेप गुंडाळायची ती त्याची बायको, मेहमुदा. तिच्यासारखी टेप अख्ख्या मावळात कुणी गुंडाळत नाही, हे ताजुद्दीन येईल त्याला ऐकवायचा. फक्त तिला सोडून!

यंदा पहिल्यांदाच पोलादाच्या मिलची मोटार आली होती. तापलेलं लोखंड दाबणारे रूळ फिरवायची ती, म्हशीएवढी थोराड. ही नीट चालली की आणखी दोन मिळणार होत्या. मेहमुदानं नेहमीसारख्या बांगड्या काढून मोटारीच्या वर भिंतीतल्या खिळ्याला अडकवल्या. काच आत पडली तर टेप कापली जाते आणि कॉइल जळते.

काम संपलं, झाकणं आवळली. मिलचा फिटर गोरख टेम्पो घेऊन दारात हजर. मेहमुदा बांगड्या चढवायला गेली तर एक कमी! बोलावं तर पुढचं काम हातचं जायचं. पण आपण गुंडाळलेली मोटार जळली असती तर तिला ते सोसलं नसतं.

"अहो, उघडा मोटार. माझी बांगडी आत पडली असंल."

"येडी झालीस का? सकाळी माझा चष्मा हरवलास, आता बांगडी!"

"चष्मा मी न्हाई हरवला. उघडा म्हणते ना!"

"मिल बंद पडलीय, ताजूभाई," गोरख कुरकुरला.

चरफडतच ताजुद्दीननं पाना उचलला. झाकण निघालं. मेहमुदानं बॅटरी मारली, कॉइलींमागे हात घातला आणि बाहेर काढला तो तारेच्या फ्रेमचा चष्मा! आत वाकताना डोक्यावरून कधी घसरला, त्या शहाण्याला पत्ताच नव्हता.

"चालू केल्या केल्या जळाली असती," गोरख म्हणाला. ताजुद्दीनचं तोंड एवढंसं झालं. गेल्या त्या दोन मोटारी, मेहमुदानं मनाशी म्हटलं.

गोरखनं डोकं खाजवलं. "उरलेल्या दोन पाठवतो. पण भाभींनी आत बघितल्याशिवाय झाकण लावायचं नाही."

बांगडी घरी कणकेच्या परातीत सापडली. सकाळी पीठ मळतानाच निसटली होती. मेहमुदा एकटीच खूप हसली.

दुसऱ्या दिवशी मिलमधून ताजुद्दीनचा फोन आला. मागे मोटारीची संथ घरघर.

"चालली गं! टेप लय झकास बसलीय."

"असं गोरखभाऊ म्हणाले?"

ताजुद्दीन खाकरला.

"न्हाई. मी म्हणतोय."